ओझं पाठीवरचं, पण आपल्या मापाचं

मैत्रिणींनो, प्रेशर कुकर घ्यायचा झाला तर आपण किती चौकशा करतो! आतल्या झाकणाचा बरा की बाहेरच्या झाकणाचा, तीन लिटरचा पुरेल की पाच लिटरचा, शिट्टी न् रबर आपल्या गावात मिळतं की त्यासाठी नाशिकला जावं लागतं, एक ना दोन. शेजारणीला विचारतो, जावेला विचारतो, मग कुठे पैसे मोजतो. हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी गडांवर जातात, कुणी हिमालयातही जाऊन येतात. पण पाठीवरची सॅक घेताना मात्र रंग आवडला की काम झालं. नाहीतर घरात मुलाची पडलेली असते ती उचलायची आणि चालू लागायचं.

कुकरसारखाच सॅकमध्येही ‘आतली की बाहेरची’ असा एक प्रश्न असतो, बरं का. झाकणाचा नव्हे, फ्रेमचा. तो प्रश्न मला २०२४ साली सोडवावा लागला, आणि त्यात माझी पाठ, माझे पैसे आणि माझ्या सासूबाईंचं मन असं तिन्ही गुंतलेलं होतं. म्हणून जरा सविस्तरच सांगते.

मी संगमनेरला राहते. घर, दोन मुलं, सासूबाई, आणि सकाळी चार तास शाळा. तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. आमच्या शाळेतल्या आणि महिला मंडळातल्या सहाजणींनी त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत हिमाचलमधल्या सर पासला जायचं ठरवलं. उंची सुमारे १३,८०० फूट. घर सोडून इतके दिवस मी माहेरीसुद्धा कधी राहिलेली नव्हते. शिवाय धाकटीच्या वेळेपासून माझी कंबर धरते. फिजिओथेरपीच्या बाईंनी जायला हरकत घेतली नाही, पण बजावलं, “ओझं अंगाला धरून ठेवा आणि खांद्यावर लटकवू नका.” त्या वाक्याचा खरा अर्थ मला पुढे महिनाभराने समजला.

ह्यांचं म्हणणं होतं, “अगं, सामान खेचरावर टाकता येतं की. नाहीतर हमाल कर. कशाला हाल करून घेतेस?” त्यात काळजीच होती. पण मी म्हटलं, “अहो, घरात बाजाराच्या दोन-दोन पिशव्या मीच आणते ना? मग माझे कपडे मला का उचलता येऊ नयेत?” त्यावर हे हसले आणि माळ्यावर चढले.

माळ्यावरून जे खाली आलं ते पाहून सासूबाई जागच्या उठल्या. ती मामंजींची सॅक होती. १९८३ साली ते मनालीकडे गेले होते, तेव्हाची. जाड कॅनव्हासची पिशवी आणि तिच्या मागे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची शिडीसारखी फ्रेम. मामंजी २०१९ साली गेले. आईंनी पदराने त्या नळ्या पुसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “ह्यांची सॅक पुन्हा हिमालयात जाईल.” आता सांगा, यावर सुनेने काय बोलावं?

आता ही आतली-बाहेरची भानगड काय ते आधी सांगते. साध्या पिशवीला दोन पट्टे लावले की सगळा भार खांद्यांवर येतो, आणि खांदे दोन तासांत बोलायला लागतात. भार कमरेवर आणायचा, तर वरचं वजन खाली पोचवायला मध्ये काहीतरी ताठ हवं. हे ताठ काहीतरी म्हणजेच फ्रेम. ती पिशवीच्या बाहेर दिसत असेल तर बाहेरच्या फ्रेमची सॅक. पिशवी तिला बांधलेली असते, आणि आपली पाठ व पिशवी यांच्यात मोकळी जागा राहते. आतल्या फ्रेमच्या सॅकमध्ये ॲल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या किंवा प्लॅस्टिकचा पत्रा पाठीच्या बाजूला शिवून टाकलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही, आणि पिशवी पाठीला चिकटून बसते. दोन्हींना कमरपट्टा असतोच. दागिन्यातला नव्हे हं! चांगला गादीचा, रुंद, समोर बक्कल असलेला. सॅकचा जीव म्हणाल तर त्या पट्ट्यात असतो.

बाहेरची फ्रेम जुनी. लाकडाच्या फ्रेम आधीपासून होत्याच, पण १९५२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टी यांनी हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या सॅक करून विकायला सुरुवात केली. मला यात आवडली ती निराळीच गोष्ट. फ्रेम ते करत, आणि पिशव्या त्यांच्या पत्नी नीना घरी बसून शिवत! आईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग बरोबर, म्हणून शिवण इतकी वर्षं टिकलीय.” आईंनी तीस वर्षं ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावलेला आहे, त्यामुळे शिवण त्यांना लगेच दिसते. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकाने आतल्या फ्रेमची सॅक केली. कड्यावर चढताना नळ्या आड येतात, ही गिर्यारोहकांची अडचण त्यामागे होती. आज दुकानात जाल तर मोठ्या सॅक बहुतेक सगळ्या आतल्या फ्रेमच्याच दिसतील.

पण बाजारात जास्त दिसतं ते आपल्यालाही चांगलंच असेल असं थोडंच आहे? आणि घरात फुकट असलेली वस्तू टाकून नवी घ्यायची म्हणजे तसं कारणही हवं. म्हणून मी ठरवलं, आधी मोजायचं, मग चालून बघायचं.

मोजण्याचं काम आईंनीच केलं. तुम्हीही करून बघा, शिवणाची टेप पुरते. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी जो मणका हाताला टणक लागतो, तिथून टेप सोडायची. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवायचे की अंगठे मागे येतील. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाडांची वरची कड लागते, तिच्यावर अंगठे. त्या दोन अंगठ्यांमधल्या रेषेपर्यंत पाठीच्या बाकावरून टेप आणायची. हे तुमच्या पाठीचं माप. माझं सोळा इंच भरलं. आपली एकूण उंची इथे उपयोगाची नाही. सारख्या उंचीच्या दोघींत एकीची पाठ लांब असते, एकीचे पाय.

मामंजी चांगले उंच होते. त्यांच्या सॅकवर पट्ट्यांची जागा वीस इंचांच्या पाठीसाठी होती. मी ती चढवली तेव्हा कमरपट्टा हाडाच्या खाली, पार मांड्यांपाशी आला. म्हणजे सगळा भार पुन्हा खांद्यांवर! आता हा दोष बाहेरच्या फ्रेमचा म्हणता येणार नाही. माप चुकलं तर आतल्या फ्रेमचंही असंच होईल. म्हणून आईंनी खांद्याचे पट्टे फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीवर आणून घ्यायला सांगितलं. कोपऱ्यावरच्या चांभारदादांनी तासाभरात ते करून दिलं. कमरपट्टा जागेवर आला. फक्त फ्रेमचं वरचं टोक माझ्या डोक्याच्या वर वीतभर उंच गेलं.

मग परीक्षा. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे आतल्या फ्रेमची सॅक होती, पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी. ती मागून आणली. फेब्रुवारीतले लागोपाठ दोन रविवार ठरवले. वाट एकच, बारी गावातून कळसूबाई. ओझंही एकच. डाळ-तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या मिळून साडेनऊ किलो. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या पुढे ओझं नेऊ नये असा चालणाऱ्यांचा साधारण नियम आहे, आणि माझं वजन चौपन्न किलो. म्हणजे हिशोबात बसत होतं.

पहिला रविवार मामंजींच्या सॅकचा. खरं सांगू का, पहिला तासभर मला वाटलं, झालं, हीच न्यायची! शेतातून, सपाटीवरून चालताना ती फार सुखाची. ओझं उंचावर आणि सरळ पाठीच्या कण्यावर राहतं, वाकावं लागत नाही. विहिरीवरून चुंबळीवर हंडा आणणारी बाई कशी ताठ चालते, तसं. पाठ आणि पिशवी यांच्यामधून वारा खेळतो, त्यामुळे घामाने ब्लाऊज चिकटणं वगैरे प्रकार नाही. सामान कसंही भरा, नळ्यांना टोप बांधा, चटई बांधा, ती रागावत नाही.

नंतर लोखंडी शिड्या आल्या. कळसूबाईला कातळाच्या टप्प्यांवर शिड्या लावलेल्या आहेत, तुमच्यापैकी अनेकींनी त्या चढलेल्या असतील. वर बघायला मान उचलली की डोकं नळीवर आपटायचं. शरीर शिडीकडे झुकायचं आणि ओझं मागे ओढायचं. माथ्यावर देवीच्या देवळापाशी वारा असा की सॅक शिडासारखी हलत होती. उतरताना तर प्रत्येक पाऊल टाकलं की क्षणभराने ओझं मागून येऊन धक्का द्यायचं. जोडीने चालताना एखादं माणूस सतत एक पाऊल मागे असावं तसं. घरी आल्यावर कंबर बोलत होती.

दुसरा रविवार आतल्या फ्रेमचा. हिचे नखरे सुरुवातीलाच. सामान कसंही भरून चालत नाही. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेल्या तर ती मागे ओढते, आणि बाटलीचा कोपरा पाठीला लागला तर सबंध वाट टोचतो. एक तासात पाठ घामाने चिंब झाली. पण शिड्यांवर ती माझ्याबरोबर वळली, माझ्याबरोबर वाकली. डोकं मोकळं होतं. उतरताना धक्का नाही. “ओझं अंगाला धरून ठेवा” म्हणजे काय, ते मला त्या शिड्यांवर कळलं. दुसऱ्या दिवशी उठून मी नेहमीसारखी साडेपाचला डबे केले.

म्हणजे निकाल लागला होता, पण तो आईंना कसा सांगायचा? दोन दिवस मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनीच विषय काढला. “तिकडे शिड्या आहेत का गं?” मी म्हटलं, “शिड्या नाहीत आई, पण खिंडीतून उतरताना बर्फावरून बसून घसरत जायचं असतं म्हणे, पाठीवर सॅक ठेवूनच.” त्या बराच वेळ मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्याचं ब्लाऊज बाजूने टाके घालून आपल्या अंगाचं करता येतं. पण खांदा काही केल्या बसत नाही. ते मला आधीच दिसलं होतं. तुझी पाठ सांभाळ. ही सॅक ह्यांच्या मापाची आहे, ती त्यांचीच राहू दे.”

मला भरून आलं. त्यांच्या जागी मी असते तर इतक्या सहज सोडलं असतं का, सांगता येत नाही.

नवी सॅक मी माझ्या तासिकांच्या मानधनातून घेतली. पंचावन्न लिटरची, तीन हजार आठशेची, बायकांच्या मापाची. ‘बायकांची’ म्हणजे गुलाबी नव्हे, बरं का! पाठ आखूड, खांद्याचे पट्टे जवळ-जवळ आणि छातीपाशी वळण दिलेले, कमरपट्टा आपल्या कमरेच्या ठेवणीप्रमाणे तिरका. दुकानात मी त्यात आठ किलो भरायला लावलं आणि ती पाठीवर घेऊन वीस मिनिटं फेऱ्या मारल्या. दुकानदार जरा वैतागले, पण दिलं भरून. रिकामी सॅक कुणालाही छानच बसते, तेव्हा तुम्हीही संकोच करू नका.

चढवण्याचाही क्रम असतो. आधी सगळे पट्टे सैल करा. एक गुडघा पुढे घेऊन त्यावर सॅक टेकवा, मग एक-एक हात घाला. पहिल्यांदा कमरपट्टा, हाडाच्या वरच्या कडेवर नीट बसवून घट्ट. मग खांद्याचे पट्टे, बेताने. मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाला जाणारे छोटे बंद ओढा, म्हणजे सॅक पाठीकडे झुकते. सर्वांत शेवटी छातीवरचा पट्टा, श्वास अडणार नाही इतपत. खांद्याखाली एक बोट सहज शिरलं तर भार कमरेवर गेला असं समजा.

भरताना सगळ्यांत खाली झोपण्याची पिशवी किंवा पांघरूण. जड वस्तू मध्ये, पाठीला लागून, खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीवर. हलके कपडे बाहेरच्या बाजूला आणि कडेच्या फटींत. रेनकोट, औषधं, खाऊ वर. आईंनी जुन्या साड्यांच्या नाडीच्या थैल्या शिवून दिल्या, प्रत्येक रंगाची निराळी. हिरवीत गरम कपडे, लालमध्ये औषधं, पिवळीत आतले कपडे. अंधारात, तंबूत, काकडलेल्या हाताने शोधताना या थैल्यांचं मोल कळतं. आणि एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घालून मग सामान भरा. वरून कितीही आवरण घातलं तरी पाऊस पाठीच्या बाजूने शिरतोच.

कसोलहून निघालो तेव्हा सहाजणींत आम्ही चौघींनी आपलं ओझं आपणच घेतलं. दोघींनी हमाल केला, त्यातही काही कमीपणा नाही. ग्रहण गावाच्या वाटेवर तिथल्या बायका पाठीवर किल्टा घेऊन भेटायच्या. वेताची उंच टोपली, तोंडाशी रुंद, बुडाशी निमुळती, आणि तीत गवत शिगोशीग भरलेलं. मी थांबून नीट बघितलं. ओझं उंचावर, पाठीला लागून. ना नळी, ना बक्कल, पण वेताची वीणच ताठ, तीच त्यांची फ्रेम. एक आजी माझ्या सॅकचा कमरपट्टा चाचपून हसली. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, पण मला मात्र आपण काही मोठा पराक्रम करत नाही आहोत याची आठवण झाली.

खिंडीच्या पलीकडचा बर्फाचा उतार आला तेव्हा वाटाड्याने सांगितलं, “बैठिए और छोड़ दीजिए.” पोटात गोळा आला होता. पण बसले, सॅक पाठीशी घट्ट, आणि बिस्केरीच्या बाजूला घसरत खाली आले. मध्ये कुठे नळी रुतली नाही, ओझं उलटलं नाही. उठून बर्फ झटकला आणि कंबर वाकवून बघितली. ठीक होती. त्या वेळचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग बाहेरची फ्रेम अगदीच टाकाऊ का? मुळीच नाही. वाट रुंद आणि मळलेली असेल, उन्हाळा असेल, बोजड आणि वेड्यावाकड्या वस्तू न्यायच्या असतील, तर तिच्यासारखी तीच. लहान मूल पाठीवर बसवून न्यायची खुर्चीसारखी सॅक मिळते ना, तीही याच तत्त्वावर असते. तान्ह्याला घेऊन फिरणाऱ्यांनी तिचाही कमरपट्टा आधी बघावा. हल्ली तर आतल्या फ्रेमच्या काही सॅकना पाठीशी ताणलेली जाळी असते, म्हणजे वारा थोडा खेळतो. पण ओझं पाठीपासून जरा दूर जातं, तेव्हा फार जड सामानाला ती नको. थोडक्यात, कातळ, शिड्या, झाडीची वाट, बर्फ असेल तर आतली फ्रेम. आपल्या सह्याद्रीत कारवीच्या दाटीतून जाताना बाहेरच्या नळ्या तर जागोजागी अडकतात.

मामंजींच्या सॅकचंही सांगते. शाळेच्या शिबिराला दर हिवाळ्यात मुलांचा स्वयंपाक उघड्यावर होतो आणि टोप-पातेली गाडीरस्त्यापासून उचलून न्यावी लागतात. आमचे व्यायामाचे सर उंचेपुरे आहेत. आईंनी त्यांचं माप घेतलं, साडेएकोणीस! चांभारदादांनी पट्टे पुन्हा पहिल्या नळीवर नेले. त्या डिसेंबरात दोन मोठे टोप, झारा आणि खिचडीचे तांदूळ मामंजींच्या फ्रेमवर बांधून सर पुढे चालत होते आणि मागून मुलांची रांग. फोटो आईंनी देवघराशेजारी लावला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा कुठे जायचा बेत असेल तर दुकानात शिरण्याआधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा, घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा आणि पाठीचं माप घ्या. ब्लाऊजच्या मापांची वही असतेच आपली, तिच्यातच शेवटच्या पानावर तो आकडाही लिहून ठेवा. कुठली वाट, किती ओझं हे ठरलं की आतली की बाहेरची ते आपोआप ठरेल. रंग मग खुशाल आवडीचा घ्या!